जोडीदार गेल्यावर आयआरएची आरएमडी अडकली किंवा राहून गेली, तर काय तपासायचं

न्यू जर्सीतल्या ओळखीच्या काका-काकूंचे टॅक्सचे कागद लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. सीपीए (इथला परवानाधारक हिशोबनीस) नाही, पण एकच दुखणं फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाच्या ना कुणाच्या फाइलमधून वर येतंच: काका गेले, त्या वर्षी त्यांच्या रिटायरमेंट खात्यातून (आयआरए म्हणजे स्वतः उघडलेलं, ४०१(के) म्हणजे नोकरीतलं) सक्तीने काढायची किमान रक्कम, म्हणजे आरएमडी, पूर्ण निघालीच नाही, आणि राहिलेल्या रकमेवर दंड लागू शकतो. खाली ‘काका गेले, काकू मागे राहिल्या’ असं धरून लिहिलंय. उलट असेल तरी नियम तेच.

लक्षणं

- काकांच्या आयआरएतून दर महिन्याला किंवा दर डिसेंबरला बँकेत येणारे पैसे एकाएकी थांबले आणि कुणी काही कळवलं नाही.
- वर्षअखेरच्या स्टेटमेंटवर त्या वर्षाच्या आरएमडीचा आकडा एक आणि ‘आतापर्यंत काढलेले’ त्याहून कमी, किंवा सरळ शून्य.
- जानेवारीत १०९९-आर (खात्यातून काढलेल्या पैशांचा कराचा फॉर्म) आला तो फक्त काकांच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर, आणि रक्कम नेहमीपेक्षा बरीच कमी.
- खातं काकूंच्या नावावर झालं, पै न् पै तिकडे सरकली, पण मधे काहीच काढलं गेलं नाही.
- काकांच्या जुन्या नोकरीतलं एखादं ४०१(के) आत्ता सापडलं, ज्याला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही.

हे होतं कसं

काकू म्हणतात, ‘ह्यांचं सगळं हेच बघायचे, मला काही ठाऊक नाही.’ आणि मग चूक आपलीच झाली असं धरून बसतात. बहुतेक वेळा तसं नसतं. काकांनी आपोआप पैसे काढायची योजना लावलेली असते, ती त्यांच्या नावावर आणि त्यांच्या नंबरवर. मुलगा खातं सांभाळणाऱ्या गुंतवणूक कंपनीला फोन करून निधनाची बातमी देतो आणि त्याच दिवशी खातं गोठतं, योजना रद्द होते. म्हणजे सगळं वेळेवर कळवणाऱ्या घरातच ही अडचण जास्त येते. त्यापुढे राहिलेली रक्कम काढायची जबाबदारी खात्याच्या बेनिफिशियरीची (खात्यावर वारस म्हणून नोंदलेल्या व्यक्तीची), पण हे त्या वेळी तिला कुणी बसवून समजावलेलं नसतं.

आता तपासण्या. आधी फुकटच्या, मग फोनच्या, मग कागदांच्या.

१. तारखा बघा. कदाचित काही चुकलेलंच नसेल

काकांची जन्मतारीख आणि निधनाची तारीख कागदावर लिहा. १९५१ ते १९५९ मधला जन्म असेल तर आरएमडी ७३ व्या वर्षापासून. १९६० किंवा नंतरचा असेल तर ७५ पासून. जन्म १९५० किंवा त्याआधीचा असेल तर ती जुन्या नियमाने आधीच सुरू झालेली.

पहिल्या वर्षाची रक्कम काढायला पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपर्यंत मुदत असते आणि सगळी गोम तिथे आहे. समजा काका २०२५ मध्ये ७३ चे झाले, म्हणजे त्यांची मुदत १ एप्रिल २०२६. ते फेब्रुवारी २०२६ मध्ये गेले आणि तोवर काहीच काढलेलं नव्हतं. अशा वेळी त्यांच्यावर आरएमडी लागूच झाली नाही. २०२५ चीही नाही, २०२६ चीही नाही. अशी घरं मी उगाच घाबरलेली पाहिली आहेत. एकाने तर दंडाचा चेक लिहून ठेवला होता.

रॉथ आयआरए (कर आधीच भरलेल्या पैशांचं खातं) असेल तर मूळ मालकाला हयातीत आरएमडी नसतेच. २०२४ पासून रॉथ ४०१(के) लाही नाही. काका शेवटपर्यंत नोकरीत असतील, तर त्याच नोकरीतल्या ४०१(के) वर ती निवृत्तीपर्यंत पुढे ढकललेली असू शकते, फक्त नोकरीच्या त्या कंपनीत त्यांची पाच टक्क्यांहून जास्त मालकी नसावी.

२. किती निघाले ते मोजा

निधनाच्या वर्षाची सगळी स्टेटमेंट्स काढा आणि प्रत्येक खात्यातून बाहेर गेलेली रक्कम एका ओळीत लिहा. इथे तीन गोष्टींत लोक गोंधळतात.

काकांच्या दोन-तीन आयआरए असतील तर प्रत्येकाची आरएमडी वेगळी काढून बेरीज करायची, पण ती बेरीज कोणत्याही एका आयआरएतून उचलली तरी चालते. त्यामुळे एका खात्यात शून्य दिसलं म्हणून चुकलं असं नाही. ४०१(के) ला ही मुभा नाही. तिथे ज्याची त्यातूनच.

दुसरं, नवरा-बायकोची आरएमडी एकमेकांत धरता येत नाही. काकूंनी स्वतःच्या आयआरएतून दुप्पट काढले म्हणून काकांची फिटत नाही. रिटर्न एकत्र भरत असले तरी खाती मात्र वेगवेगळ्या माणसांची.

तिसरं, काकांनी आयआरएतून थेट एखाद्या धर्मादाय संस्थेला पैसे पाठवले असतील आणि ते नियमात बसत असतील, तर ते आरएमडीत धरले जातात. ते काकूंच्या बँकेत कधी दिसणार नाहीत, म्हणून स्टेटमेंट बघायचं, पासबुक नाही.

३. गणित

ज्या वर्षाची आरएमडी काढायची त्याच्या आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरची शिल्लक भागिले आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) तक्त्यातला त्या वयाचा आकडा. निधनाच्या वर्षासाठी काका वर्षभर हयात होते असं धरूनच हिशोब होतो. जानेवारीत गेले तरी पूर्ण वर्षाची रक्कम, महिन्यांच्या प्रमाणात नाही.

काका १९४८ चे, ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. ३१ डिसेंबर २०२४ ला आयआरएत ४,१२,००० डॉलर. २०२५ मध्ये वय ७७, तक्त्यातला आकडा २२.९. भागाकार १७,९९१.२७ डॉलर. दर महिन्याला १,५०० यायचे, जुलैपर्यंत सात हप्ते आले, म्हणजे १०,५००. राहिले ७,४९१.२७. आपल्याला सोडवायचं आहे ते एवढंच.

(काकू एकट्याच बेनिफिशियरी आणि काकांपेक्षा दहा वर्षांहून जास्त लहान असतील तर तक्ता दुसरा लागतो आणि रक्कम कमी होते. जुन्या पिढीत असा वयातला फरक अगदीच दुर्मीळ नाही, म्हणून सांगितलं.)

एकाहून जास्त वर्षं राहिली असतील तर प्रत्येक वर्षाचा हिशोब वेगळा करा. तक्त्यातले आकडे: ७३ ला २६.५, ७४ ला २५.५, ७५ ला २४.६, ७६ ला २३.७, ७८ ला २२.०, ८० ला २०.२. हे आकडे २०२२ पासूनच्या तक्त्यातले आहेत. त्याआधीच्या वर्षाचा घोळ असेल तर जुना तक्ता घ्यावा लागेल.

४. कंपनीला फोन, पण प्रश्न लिहून घेऊन

नुसतं ‘आरएमडी बाकी आहे का’ विचारलं तर पलीकडची व्यक्ती काकूंचं वय बघते आणि ‘तुम्हाला लागू नाही’ म्हणून मोकळी होते. म्हणून ‘निधन झालेल्या मालकाची, निधनाच्या वर्षाची न काढलेली आरएमडी’ असंच म्हणायचं आणि वारसांचे व्यवहार बघणाऱ्या विभागाकडे फोन जोडून घ्यायचा. मग हे विचारा:

बेनिफिशियरी म्हणून कागदावर कुणाचं नाव आहे? काकू, मुलं की इस्टेट (काकांची मागे राहिलेली मालमत्ता)? निधनानंतर एखादा हप्ता चुकून बाहेर पडला का, आणि तो कुणाच्या नंबरवर नोंदला? राहिलेली रक्कम काढायला कोणता फॉर्म लागतो?

यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ही रक्कम मृत्युपत्रातून जात नाही, बेनिफिशियरीला जाते. इस्टेटच्या खात्यात चेक टाकून मोकळं होणं ही नेहमीची चूक आहे. बेनिफिशियरी काकू असतील तर पैसे काकूंना, कर काकूंच्या उत्पन्नात, आणि १०९९-आर त्यांच्या नंबरवर, चौकट ७ मध्ये ४ हा कोड. तो फॉर्म हातात आला की सगळ्यात आधी तो नंबर आणि तो ४ बघा. तिथे काकांचा नंबर असेल तर दुरुस्त करून मागा. रिटर्न भरून झाल्यावर निस्तरायला दुप्पट त्रास होतो.

५. आधी काढा, मग सरकवा

हा क्रम उलटा झाला की साधं प्रकरण चिघळतं. आरएमडीची रक्कम रोलओव्हरला (दुसऱ्या रिटायरमेंट खात्यात हलवायला) पात्रच नसते. म्हणून काकूंनी ७,४९१.२७ आधी स्वतःच्या नावाने काढायचे आणि उरलेलं खातं मग आपल्या आयआरएत न्यायचं.

मुदत किती? नियम इथे बराच माणुसकीचा आहे. २०२४ मध्ये अंतिम झालेल्या आयआरएसच्या नियमांप्रमाणे निधनाच्या वर्षाची राहिलेली आरएमडी बेनिफिशियरीने पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत काढली, तर दंड आपोआप माफ. वरच्या उदाहरणात ३१ डिसेंबर २०२६. त्यासाठी अर्ज नाही, विनवण्या नाहीत.

तरी माझं मत विचाराल तर शक्य असेल तेव्हा निधनाच्या वर्षातच काढा. दंडासाठी नाही, करासाठी. त्या वर्षी काकू अजून जोडप्याचं एकत्र रिटर्न भरू शकतात. पुढच्या वर्षी, घरात अवलंबून असलेलं मूल नसेल आणि पुन्हा लग्न झालेलं नसेल तर, त्या ‘एकट्या’. २०२५ साली १२ टक्क्यांचा टप्पा जोडप्याला ९६,९५० डॉलर करपात्र उत्पन्नापर्यंत होता, एकट्याला ४८,४७५ पर्यंत. त्याच ७,४९१ वर एका वर्षी १२ टक्के आणि दुसऱ्या वर्षी २२ टक्के लागू शकतात. शिवाय मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) जादा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो आणि तिथेही एकट्याची मर्यादा लवकर ओलांडली जाते. (जोडीदाराच्या निधनामुळे उत्पन्न घटलं असेल तर एसएसए-४४ फॉर्म भरून तो हप्ता कमी करायची विनंती करता येते. हे फार कमी जणांना माहीत असतं.)

पैसे काढताना करकपातीचा रकाना रिकामा सोडू नका. आयआरएतून काही न सांगता १० टक्के कापतात. डब्ल्यू-४आर भरून हवे तेवढे कापून घेता येतात. काकांचं पेन्शन थांबलेलं असतं, सोशल सिक्युरिटीही एकच उरते, आणि तिमाही कर भरायची सवय काकूंना नसते. थोडे जास्तच कापून घेतलेले बरे.

एक सावधगिरी: काकू ५९½ पेक्षा लहान असतील तर खातं स्वतःच्या आयआरएत न्यायची घाई नको. बेनिफिशियरी म्हणून काढलेल्या पैशांवर वय कमी असल्याचा १० टक्के दंड नसतो. स्वतःची आयआरए झाली की तो लागू होतो.

६. आधीच सगळं सरकवलं असेल तर

पहिला प्रश्न: कंपनीने याची नोंद कशी केली? नुसतं खात्यावरचं नाव बदलून काकूंची आयआरए केली, की रोलओव्हर म्हणून? नुसतं नाव बदललं असेल तर राहिलेली रक्कम त्याच खात्यातून मुदतीत काढून टाकायची. रोलओव्हर म्हणून नोंद असेल तर आरएमडीचा भाग काकूंच्या आयआरएत ‘जादा भरणा’ धरला जाऊ शकतो, आणि तो काढेपर्यंत दरवर्षी ६ टक्के कर. रिटर्नच्या मुदतीत, वाढीव मुदत धरून, तो भाग त्यावरच्या कमाईसकट काढला तर ते ६ टक्के टळतात. मात्र कंपनीला ‘जादा भरणा परत काढायचा आहे’ असंच सांगावं लागतं. साधी रक्कम काढणं आणि हे, यांचे फॉर्म वेगळे. रक्कम मोठी असेल तर फोन फिरवायच्या आधी सीपीएला गाठा.

७. निधनाच्या आधीच्या वर्षांची राहिली असेल तर

काका दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्या काळात कुणी काही काढलंच नाही, हा प्रकार वेगळा. वरची आपोआप माफी फक्त निधनाच्या वर्षाला आहे. आधीच्या वर्षांचा दंड काकांच्या नावावर लागतो: राहिलेल्या रकमेच्या २५ टक्के. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे साधारणपणे चुकलेल्या वर्षानंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत, दुरुस्ती केली तर १० टक्के. २०२२ आणि त्याआधीच्या वर्षांना जुना दर, ५० टक्के.

आकडे बघून छातीत धस्स होतं, पण दंड आधी भरून टाकू नका. क्रम असा:

राहिलेली रक्कम काढा. दोन वर्षांची राहिली असेल तर दोन वेगळ्या व्यवहारांत, डॉलर-सेंटसकट जुळणारी, म्हणजे पुढे कुणालाही स्टेटमेंटवर बोट ठेवून दाखवता येते. ती ज्या वर्षी हातात आली त्याच वर्षीच्या उत्पन्नात धरायची. जुनी रिटर्न्स उघडायची गरज नाही. मग प्रत्येक चुकलेल्या वर्षाचा वेगळा फॉर्म ५३२९ (दंड आणि त्याच्या माफीचा फॉर्म) घ्यायचा, त्या-त्या वर्षाचाच छापील नमुना, आणि त्यातला भाग ९ भरायचा. जोडप्याचं रिटर्न एकत्र असलं तरी हा फॉर्म ज्याचा त्याचा. काकांच्या फॉर्मवर त्यांच्या इस्टेटचा कारभार बघणारी व्यक्ती सही करते. माफी मागताना ‘आरसी’ (रीझनेबल कॉज, म्हणजे समजण्यासारखं कारण) ही अक्षरं आणि माफ करायची रक्कम कुठे लिहायची ते फॉर्मच्या सूचनांत दिलेलं असतं. ती जागा चुकली तर आयआरएस सरळ दंडाचं बिल पाठवते.

सोबत पत्र. आयआरएसला दोनच गोष्टी बघायच्या असतात: चूक समजण्यासारख्या कारणाने झाली का, आणि ती दुरुस्त करायला पावलं उचलली का. पत्राचा गाभा असा असावा, अर्थात इंग्रजीत:

‘माझे पती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रुग्णालयात होते आणि आर्थिक व्यवहार तेच सांभाळत. त्यांचं निधन अमुक तारखेला झालं. कागद तपासताना अमुक वर्षाची आरएमडी निघाली नसल्याचं मला अमुक तारखेला कळलं. अमुक तारखेला पूर्ण रक्कम काढली. स्टेटमेंट जोडलं आहे. यापुढे माझ्या खात्यावर आपोआप पैसे काढायची योजना लावली आहे.’

यापलीकडे रामायण लिहू नका. आजारपणाचे तपशील भरपूर आणि तारखा कमी, अशी पत्रं मी पुष्कळ वाचली आहेत. वाचून डोळे भरून येतात, पण तपासणाऱ्याला तारखाच हव्या असतात. पत्रातलं शेवटचं वाक्य खरं असू द्या, म्हणजे योजना आधी लावा, मग पत्र पाठवा.

काका भारतात असताना गेले असतील तर

हिवाळा पुण्या-मुंबईत काढणारी जोडपी बरीच, त्यामुळे हेही घडतं. महापालिकेचा मृत्यूचा दाखला बहुतेक वेळा मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, तरी इथल्या कंपन्या त्यावर अडतात. काका अमेरिकन नागरिक असतील तर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीकडून परदेशातल्या मृत्यूचा अहवाल मिळतो. तो इथे दाखल्यासारखा चालतो. त्याच्या जास्तीच्या प्रती तिथे असतानाच मागून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना हा अहवाल मिळत नाही, त्यामुळे कंपनीला काय चालेल ते आधी लेखी विचारा.

काकू अजून तिकडेच असतील आणि कंपनीने मेडॅलियन सहीची हमी (सही खरी असल्याची बँकेने शिक्क्यानिशी दिलेली खात्री) मागितली तर विमानाचं तिकीट लगेच काढू नका. ती हमी वकिलात देत नाही, पण बऱ्याचदा वकिलातीतल्या नोटरीवर भागतं का असं विचारलं तर कंपनीचा वरचा माणूस तयार होतो. त्यात महिने जातात, म्हणून नोव्हेंबरची वाट न बघता सुरुवात करा.

इथे थांबा आणि माणूस गाठा

यातलं काहीही असेल तर पुढे स्वतः हात घालू नका:

- बेनिफिशियरीत इस्टेट, ट्रस्ट किंवा काकूंबरोबर मुलंही आहेत. मुलांच्या वाट्याला दहा वर्षांचा नियम लागतो आणि काकांची आरएमडी सुरू झालेली असेल तर मधल्या वर्षांतही दरवर्षी काढावं लागतं.
- बेनिफिशियरीचा रकाना रिकामा आहे किंवा त्यात जुनं, नको असलेलं नाव आहे. इथे सीपीएआधी वकील.
- दोनपेक्षा जास्त वर्षं चुकली आहेत, किंवा आयआरएसची नोटीस आधीच आली आहे. नोटिशीवर उत्तराची तारीख असते, ती घेऊनच जा.
- रोलओव्हर झालेला आहे आणि रिटर्नची मुदतही उलटली आहे.
- काकू आता भारतात कायमच्या राहतात. तिथे कराच्या दृष्टीने निवासी आहेत का, अमेरिकन नागरिकत्व आहे का, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८९ए खाली (परदेशी रिटायरमेंट खात्यावरचा कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलायचा पर्याय) फॉर्म १०-ईई कुणी भरला होता का, यावर दोन्हीकडचा कर बदलतो. दोन्ही देशांचे कर बघणाराच माणूस हवा. एकीकडचा सीपीए आणि दुसरीकडचा सीए एकमेकांशी न बोलता काम करत असतील तर तेच उत्पन्न दोन्हीकडे धरलं जातं.

जाताना निधनाच्या आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरची स्टेटमेंट्स, निधनाच्या वर्षाची सगळी १०९९-आर आणि ५४९८ (आयआरएतल्या भरण्याचा आणि शिल्लकेचा फॉर्म), बेनिफिशियरीच्या नोंदीची प्रत, मृत्यूचा दाखला आणि वरच्या तिसऱ्या तपासणीतला तुमचा हिशोबाचा कागद न्या. फी तासावर आहे की फॉर्मवर ते पहिल्याच फोनवर विचारा, आणि ‘५३२९ वर माफीचा अर्ज याआधी केला आहे का’ हेही. उत्तर ‘आधी दंड भरू, मग परत मागू’ असं आलं तर दुसऱ्या सीपीएला फोन लावा.